तेल-तूप बंद केलं, तरी यकृतावर चरबी कशी चढली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 43, उंची 170 सेंटिमीटर, वजन 74 किलो, पोटाचा घेर 97 सेंटिमीटर. दारू नाही, मधुमेहाची गोळी नाही. आठ महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत ‘ग्रेड दोन फॅटी लिव्हर’ निघालं, म्हणून तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं सगळं बंद केलं. भाजीसुद्धा तुमच्यापुरती बिनतेलाची वेगळी शिजते. साखर सोडून गूळ आणला. तरी वजन जेमतेम एक किलो उतरलं, सोनोग्राफीचा रिपोर्ट तोच आला आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 190 होते ते 238 झाले. ‘चरबी खातच नाही, तर चरबी येते कुठून?’ असं तुम्ही विचारलं आहे. आणि शेवटी, होळी तोंडावर आली आहे, पुरणपोळी खाल्ली तर चालेल का.

मी 24 वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न विचारणारी माणसं बहुतेक वेळा पथ्य अगदी मनापासून पाळणारी असतात, म्हणून त्यांची निराशा बघवत नाही. तुम्ही पथ्यात कुचराई केलेली नाही. तुम्हाला पथ्यच अर्धं सांगितलं गेलं.

तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत. सकाळी चहा आणि सहा मारी बिस्किटं. नऊ वाजता मोसंबीचा ग्लासभर रस. दुपारी चार चपात्या, उकडलेली भाजी, पातळ वरण. ऑफिसात तीन चहा, संध्याकाळी घरी एक. सोबत कोरडे कुरमुरे. रात्री दोन वाढप्या भात आणि आमटी. चहा दिवसाला पाच, प्रत्येकात ‘दोन छोटे चमचे गूळ पावडर’.

या ‘छोट्या चमच्या’बद्दल सांगते. माझ्या टेबलावर सोनाराकडे असतो तसा एक लहान वजनकाटा आहे. रुग्णाला मी घरचा चहाचा चमचा घेऊन यायला सांगते. मग माझ्यासमोर डब्यातून साखर घ्यायला लावते, घरी घेतात तशी. सपाट चमचा भरतो पाच ग्रॅमचा. पण सपाट कोणीच घेत नाही. शीग लावलेला चमचा काट्यावर ठेवला की आकडा सातावर जातो, कधी आठावर. मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. त्यांनी तो आकडा पाहिला, चमचा परत डब्यात उपडा केला आणि पुन्हा घेतला, पुन्हा साडेसात. ‘बाई, मी तर एकच चमचा घेते,’ म्हणाल्या, आणि खरंच एकच घेत होत्या.

तुमचा चमचा सपाट धरला तरी पाच चहांत 50 ग्रॅम गूळ जातो. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण 50 ग्रॅम गुळातले चाळीसेक ग्रॅम ही साखरच असते. शरीराला ती उसातून गुऱ्हाळात गेली की कारखान्यात, हे कळत नाही. त्यात मोसंबीच्या रसातली वीसेक ग्रॅम आणि बिस्किटांतली आठ-दहा ग्रॅम मिळवा. बेरीज 70 ग्रॅमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा बघा. रोजच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅम, आणि जमल्यास त्याच्या निम्मी. फळाचा रसही त्यात धरतात, चावून खाल्लेलं फळ धरत नाहीत. म्हणजे आठ महिने तुम्ही चरबी काटेकोरपणे बंद केलीत आणि साखर मर्यादेच्या वरच राहिली.

आता ही साखर यकृतात गेल्यावर काय होतं ते जरा नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

साखरेच्या एका कणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मेनिम्मे जोडलेले असतात. आतड्यात ते सुटे होतात आणि तिथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या. ग्लुकोज सगळ्या शरीराचं इंधन आहे, मेंदूला हवं, स्नायूंना हवं. यकृत त्यातलं थोडं ठेवून घेतं, बाकीचं पुढे जातं. फ्रुक्टोजचा मोठा भार मात्र यकृतावरच पडतो. शिवाय ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवर एक चौकी आहे. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की ती चौकी बंद होते आणि पुढचं काम थांबतं. फ्रुक्टोज या चौकीला वळसा घालून आत शिरतं. गरज असो नसो, त्याचं विघटन चालू राहतं. यकृतात साखर साठवायची जागा असते ग्लायकोजेनच्या रूपात, पण ती शंभरेक ग्रॅमची. दिवसभर बसून काम करणाऱ्याची ती जागा फारशी रिकामी होतच नाही. मग उरलेल्या कच्च्या मालातून यकृत स्वतः मेदाम्लं तयार करतं. काही तिथेच थेंबाथेंबाने साचतात आणि काही ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडली जातात. तुमचा 238 चा आकडा बराचसा इथून आला असणार. तळणीच्या कढईतून तो आलेला नाही.

पण सगळा दोष या एकाच वाटेवर टाकणंही खरं नाही. 2005 मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या नऊ स्थूल रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून आली, हे खूण केलेले अणू वापरून मोजलं गेलं. सुमारे 26 टक्के चरबी यकृताने साखर-पिठापासून नव्याने तयार केलेली होती. थेट अन्नातल्या तेलातुपातून आलेली होती 15 टक्के. आणि उरलेली, जवळजवळ 59 टक्के, शरीराच्या स्वतःच्या मेदसाठ्यातून वाहत आलेली. हा तिसरा आकडा महत्त्वाचा आहे.

जेवल्यावर इन्सुलिन वाढतं. ते मेदपेशीला सांगतं, ‘आता आत घे, बाहेर काही सोडू नकोस.’ उपाशीपोटी इन्सुलिन उतरतं, तेव्हा मेदपेशी चरबी सोडते आणि शरीर ती जाळतं. हे उघडझाप नीट चाललं तर माणूस नीट राहतो. खाणं सतत गरजेपेक्षा जास्त झालं की मेदपेशी भरतात आणि इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. जेवण झालेलं असताना, चरबी बंद ठेवायची त्या वेळीही त्या पाझरत राहतात आणि ती चरबी यकृताकडे जाते. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडतं. यकृताची गंमत, खरं तर दुर्दैव, असं की साखर बाहेर सोडणं थांबव हा इन्सुलिनचा निरोप ते ऐकत नाही, पण चरबी बनव हा निरोप मात्र ऐकत राहतं. त्यामुळे उपाशीपोटीची साखरही चढते आणि चरबीही वाढते.

आपल्या लोकांत हे कमी वजनावरच घडतं, आणि त्यावरचं मोलाचं काम पुण्यात झालं आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याची बाळं स्नायूंनी बारीक होती, पण चरबी त्या मानाने राखून होती. 2004 मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2. सारख्याच वजनकाट्यावर दुपटीहून जास्त चरबी.

म्हणून आपल्यासाठी बीएमआय 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर स्थूलता धरतात, आणि पोटाचा घेर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटर. तुमचा बीएमआय 25.6 आहे. ऑफिसात कोणी तुम्हाला जाड म्हणणार नाही, पण तुमचा घेर आणि यकृत वेगळं सांगत आहेत. आपली त्वचेखाली चरबी निवांत साठवायची कोठी लहान आहे. ती लवकर भरते आणि पुढचा माल पोटात, यकृतात, स्वादुपिंडात जातो.

हे वाचून ‘मग तूप मोकळं झालं’ असं कोणी ठरवू नये. हल्ली तसं सांगणारे खूप आहेत आणि त्यांच्या नादाने वाटीभर तूप पिणारे रुग्णही मी पाहिले आहेत. फिनलंडमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. जास्त वजनाच्या 38 जणांना तीन आठवडे रोज 1000 कॅलरी जादा दिल्या. एका गटाला लोणी, खोबरेल, चीज अशा संपृक्त मेदातून. दुसऱ्याला ऑलिव्ह तेल आणि कठीण कवचाच्या फळांतून. तिसऱ्याला संत्र्याचा रस, शीतपेयं आणि गोळ्यांमधून, म्हणजे साखरेतून. यकृतातली चरबी संपृक्त मेदाच्या गटात 55 टक्क्यांनी वाढली, साखरेच्या गटात 33 टक्क्यांनी, आणि असंपृक्त मेदाच्या गटात 15 टक्क्यांनी. जादा खाल्लं तर तूप-लोणी यकृताला साखरेपेक्षाही जड जातं. चमचाभर तुपाला हा निष्कर्ष लागू नाही. तो जादा हजार कॅलरींचा आहे. पण जे मेदाला पूर्ण निर्दोष म्हणतात त्यांनी तो लक्षात ठेवावा.

शिवाय मेदाची स्वतःची एक अडचण आहे. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, साखरेला चार. आणि साठवायला त्याला खर्च जवळजवळ लागतच नाही. प्रथिनं पचवण्यात त्यांच्याच ऊर्जेचा 20 ते 30 टक्के भाग खर्ची पडतो, पिष्टाचा 5 ते 10, मेदाचा फार तर तीन. गोडाबरोबर तळलेलं खाल्लं की ग्लुकोजमुळे इन्सुलिन चढतं, शरीर आधी ग्लुकोज जाळतं आणि सोबतचं तेल सरळ कोठीत जातं. बर्फी, चिरोटे, आइस्क्रीम, केक, फरसाणाबरोबर गोड चहा, हे सगळं याच जोडीचं. निसर्गात गोड आणि स्निग्ध एकत्र मिळत नाही म्हटलं तरी चालेल. आंबा गोड आहे, पण त्यात तेल नाही. शेंगदाण्यात तेल आहे, साखर नाही. दूध हा अपवाद, आणि दूध वाढत्या पिलासाठी असतं. दोन्ही एकत्र आले की ‘पुरे’ म्हणणारी जाणीव मंद होते, हे मी रोज ऐकते. वाटीभर शेंगदाणे खाऊन माणूस थांबतो, चिक्की मात्र डबा संपेपर्यंत खातो.

अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना महिनाभर संस्थेत ठेवून पाहिलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे घरगुती पद्धतीचं. ताटात वाढलेली साखर, मेद, तंतू, कॅलरी दोन्हीकडे सारख्या, हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नाच्या वेळी माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. कमी मेद चांगलं की कमी पिष्ट, याचं उत्तर स्टॅनफर्डच्या 2018 च्या अभ्यासात मिळतं. 609 जण, पूर्ण वर्ष. कमी मेदवाले सरासरी 5.3 किलो उतरले, कमी पिष्टवाले 6. फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करून भाज्या वाढवायला सांगितलं होतं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तुमच्यासारखे कितीतरी जण तिचे परिणाम भोगताहेत. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी छापील तक्ते वाटत असे. त्यात ‘तूप, खोबरं, दाणे वर्ज्य’ असं ठळक अक्षरांत होतं आणि चहाबरोबर ‘मारी बिस्किट 4’ असं सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं होतं. आम्हाला शिकवलंच तसं होतं. त्या शिकवणीची मुळं पार दूरची आहेत. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन लेख लिहवून घेतला. तो 1967 मध्ये मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात हृदयरोगाचा भार मेदावर टाकून साखरेला सैल सोडलं होतं, आणि पैसे कोणाचे हे 2016 पर्यंत उघड झालं नव्हतं. मेदाविरुद्धचं सगळंच बोलणं खोटं होतं असं नाही. पण मेद काढला की त्या जागी काय येतं, हा प्रश्न माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता. तुमच्या ताटात त्या जागी गूळ, रस, बिस्किट आणि जादा चपाती आली.

आता काय करायचं ते सांगते.

पाच चहांपैकी तीन बंद करू नका, कारण तुमच्याच्याने ते टिकणार नाही. सगळे पाच घ्या, पण पहिला आठवडा एक चमचा, दुसरा आठवडा अर्धा, मग ऑफिसातले तिन्ही बिनगोडाचे. जीभ तीन-चार आठवड्यांत जुळवून घेते. गुळाऐवजी मध किंवा खडीसाखर असली उलटापालट करू नका. मोसंबीचा रस बंद, मोसंबी सोलून फोडी करून खा. बिस्किटं पूर्ण बंद. खारी आणि टोस्टही आणू नका. पूर्वी ती वनस्पती तुपात व्हायची आणि त्यातले ट्रान्स मेद फार वाईट. जानेवारी 2022 पासून त्यांवर दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, पण मैदा आणि स्निग्धांश तर तिथेच आहेत.

चार चपात्यांच्या दोन करा आणि भात एक वाढपी. त्याने ताट ओकंबोकं दिसेल. तिथे उसळ आणा. मटकी, मूग, चवळी, वाटी भरून, रोज. पातळ वरणाला उसळ म्हणू नका, त्यात डाळ नावापुरती असते. वाटीभर दही किंवा पनीर, चालत असेल तर दोन अंडी किंवा मासे. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीचे 2025 मधले निष्कर्ष हेच सांगतात. आपल्या ऊर्जेचा सुमारे 62 टक्के भाग पिष्टातून येतो, आणि त्यातला थोडा भाग डाळी-कडधान्यं, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांनी भरला तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो. नुसतं तांदळाच्या जागी गहू किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणून, एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं तर फायदा दिसला नाही. भाकरी मला स्वतःला प्रिय आहे, पण चार भाकऱ्या या चार भाकऱ्याच असतात.

आणि तेल परत सुरू करा, हे मी मुद्दाम सांगते. भाजी फोडणीचीच खा. दिवसाचं मिळून चार छोटे चमचे तेल, एक चमचा तूप भातावर, मूठभर दाणे संध्याकाळी कुरमुऱ्यांच्या जागी. बिनतेलाच्या भाजीने पोट भरत नाही, मन तर अजिबात नाही, आणि तासाभरात हात बिस्किटाच्या डब्याकडे जातो. उलट तुमच्या घरच्यांचं काय? तुम्ही लिहिलंय की तुम्ही सोडून तीन माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल. चार लिटर म्हणजे साधारण 3,640 ग्रॅम. तीन माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम, 360 कॅलरी नुसत्या तेलाच्या. 20 ते 30 पुरेसं आहे. हा हिशेब प्रत्येकाने घरी करून बघावा. किराण्याची यादी काढा, तेल आणि साखर-गूळ माणसांनी आणि दिवसांनी भागा. रुग्णाने सांगितलेल्या आठवणीपेक्षा मी वाण्याच्या बिलावर जास्त विश्वास ठेवते.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो. ज्याचं इन्सुलिन नीट चालत नाही त्याला ही फुकटची मदत आहे. शक्य झालं तर आठवड्यातून दोनदा वजनं उचला किंवा उठाबशा काढा.

वजनाचं लक्ष्य पाच ते सात किलो ठेवा, सहा महिन्यांत. यकृत वजनाच्या आधी हलकं होतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डॉ. रॉय टेलर यांनी 2011 मध्ये मधुमेहाच्या 11 रुग्णांना रोज फक्त 600 कॅलरींवर ठेवलं होतं, तेव्हा पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी सुमारे 30 टक्क्यांनी उतरली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, घरी करून बघायचं नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी माझ्या वरच्या सूचनाही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, खाणं कमी झालं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक उतरू शकते.

तुम्ही एकदा यकृताच्या डॉक्टरांकडे जाऊन एएलटी, एएसटी या यकृताच्या रक्तचाचण्या आणि गरज वाटली तर यकृताचा घट्टपणा मोजणारं फायब्रोस्कॅन करून घ्या. सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून यकृत घट्ट होऊ लागलं आहे का, हे कळत नाही. ट्रायग्लिसराइड आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) बारा आठवड्यांनी तपासा. साखर कमी केल्याचा परिणाम ट्रायग्लिसराइडवर सगळ्यात आधी दिसतो. सोनोग्राफी सहा महिन्यांच्या आत पुन्हा करू नका, तेवढ्यात ग्रेड बदलली नाही की माणूस उगाच खचतो. घेर मात्र दर रविवारी सकाळी टेपने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

पुरणपोळीचं. खा. मध्यम आकाराच्या एका पोळीत वीस-पंचवीस ग्रॅम गूळ जातो, तेव्हा दोन खा, दुपारी खा, वर तूप घ्या, कटाची आमटी भरपूर घ्या. त्या जेवणात भात आणि भजी नको, त्या दिवशीचे चहा बिनगोडाचे, आणि उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशीसाठी झाकून ठेवू नका, शेजारी द्या.